नाक्यावरच्या काड्यापेट्या

सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या शेताला लागून जंगलखात्याचा नाका होता. त्या नाक्यावरच्या शिपायाने मला वीट आणला होता. रानात जाणाऱ्या प्रत्येकाची काड्यापेटी तो काढून घ्यायचा, कानाशी हलवून बघायचा आणि म्हणायचा, "आग ती आग शे, भाऊ." स्वतःच्या चुलीवर रोज घागरभर पाणी ओतून झोपायचा आणि सकाळी खापरी घेऊन माझ्याच खळ्यावर विस्तव मागायला यायचा. माझी काड्यापेटी तेव्हा त्याच्याच नाक्यात पडलेली असायची.

उन्हाळ्यात वणवा खाली उतरू नये म्हणून माघातच वाळल्या गवताचा एक पट्टा जाळून टाकायची आमची जुनी रीत. खात्याने ती गुन्हा ठरवली होती. मग नवे साहेब आले आणि त्यांनीच पट्टा जाळायचा हुकूम दिला. आम्ही जाळत पुढे निघालो, तर हा ओली फांदी घेऊन मागून विझवत येत होता.

"अरे बाबा, साहेबनाच हुकूम शे ना?" मी वैतागून म्हणालो.

"हुकूम साहेबना, पन गवत सरकारनं शे."

नाक्याजवळचं गवत त्याने तसंच उभं राखलं.

चैत्रात वणवा आला. काळ्या पट्ट्यापाशी सगळीकडे थांबला आणि त्या उभ्या गवतातून खाली उतरला. नाका गेला, माझी कडब्याची गंजी गेली. ती वाचवायला धडपडताना त्याच्या भुवया जळाल्या, म्हणून मला त्याच्यावर धड ओरडताही येईना. तोच जवळ आला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला,

"मी सांगेल व्हतं ना भाऊ, आग लावू नका."