कळशीची रजाई

लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला आली आणि नवऱ्याच्या कचेरीबरोबर मीही नागपूरहून इथं आले. सासूबाईंनी निघताना त्यांच्या आईची तांब्याची कळशी माझ्या हातात दिली. "जपून वापर गं, पोचा पाडू नकोस."

पोचा नाही पाडला. त्याहून मोठा पराक्रम केला.

शेजारच्या म्हाताऱ्या मावशी, सगळ्यांच्या खाला, कागदाच्या लगद्याच्या सुबक परड्या करायच्या. मी दोन दिवस नुसतं पाहिलं आणि सासूबाईंना पत्र टाकलं, 'मला परड्या येतात.' उत्तर आलं, 'पाहायला येते.' झालं!

नव्या राज्याचे नकाशे छापलेली वर्तमानपत्रं मी बादलीत बुडवली. सरकारनं इतक्या खटपटीनं जोडलेला मुलूख माझ्याकडे तीन दिवसांत एकजीव झाला. त्यात चिकटपणासाठी भिजवून वाटलेली मेथी घातली. कळशी पालथी घालून तिला तेल चोपडलं. खाला भिंतीवरून ओरडल्या, "दुल्हन, पेट तक ही लगाना!"

मला वाटलं, म्हातारी कंजूष आहे. माझी परडी खोल होणार! मी पोटावरून खाली, थेट गळ्यापर्यंत लगदा थापला. चार दिवस उन्हात वाळवला. दगड झाला. ओढला, ठोकला, गुडघ्यात धरून पिळला. पोट रुंद, गळा अरुंद, निघणार कुठून? एवढी साधी गोष्ट मॅट्रिक पास बाईला कळली नव्हती.

खालांनी येऊन पाहिलं आणि ओट्यावर बसकणच मारली. "कलसे को रजाई ओढ़ा दी!"

तेवढ्यात दारात टांगा. सासूबाई!

मी कळशी पदराआड घेतली. पण कळशी कुठं पदरात मावते? सासूबाईंनी ती वाजवली. टक्‌ टक्‌. मी रडायच्या बेतात.

"थंडी फार दिसते भोपाळला," त्या म्हणाल्या. "सुरी आण."

पोटाच्या मध्यावर त्यांनी हलक्या हातानं गोल काप घेतला. वरची परडी अलगद सुटली. गळ्याकडचा उरलेला पट्टा पाण्यात भिजवून सोलला. कळशीवर ओरखडासुद्धा नव्हता.

जाताना त्यांनी परडी पिशवीत घातली. कळशी मीच पुढे केली.

"ती राहू दे," त्या म्हणाल्या. "पण पुढची परडी घमेल्यावर कर."

नागपुरात त्यांनी घरोघर ती परडी दाखवली, सुनेनं केली म्हणून. सुरीचं नाव कुणापाशी काढलं नाही.