रेडिओनं पाहिलेला पक्षी

आमच्या शेजारच्या न्हाव्याला सगळा रस्ता रेडिओ म्हणतो. एकदा गळ्याभोवती कापड बांधलं की गिऱ्हाइकाची सुटका नाही. टकल्याचेही केस तो अर्धा तास कापतो, कारण बोलणं संपलेलं नसतं. माझ्याही तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे आमचं छान जमतं.

दुकानामागे जंगल सुरू होतं. तिथून येणारी एक गोड शीळ तो वर्षानुवर्षं ऐकत होता, पण पक्षी काही दिसेना. वस्तरा हवेत धरून तो गिऱ्हाइकांना शिळेची नक्कल करून दाखवायचा. कोपऱ्यावरच्या स्टुडिओचे फोटोवाले, पांढऱ्याशुभ्र केसांचे, दर वेळी चिडवायचे की पक्षी कसला, वहिनींचा कुकर असेल.

एका सकाळी त्यानं मला खुणेनं मागच्या दारात बोलावलं. रेडिओ आणि खुणेनं? मला वाटलं, घसा बसला.

दुकानातले झाडलेले केस तो मागच्या झुडपांपाशी टाकतो. तिथे पाचोळा हलला आणि त्यातलंच एक पान चालायला लागलं. मातकट पाठ, फिकट पोट, नटण्याची हौस म्हणून नाही. पक्ष्यानं ढिगातून पांढरे केस तेवढे निवडून चोचीत धरले आणि झुडपात शिरला. जरा वेळानं आतून तीच शीळ आली.

रेडिओच्या डोळ्यांत पाणी, आणि खांदे हसण्यानं गदगदत होते. फोटोवाल्यांची कटिंग आदल्याच दिवशी झाली होती.

"कुणाला सांगू नकोस," तो पुटपुटला. "फोटोवाले कॅमेरा घेऊन येतील, मागून अख्खा रस्ता. लाजाळू जात आहे, घरटं सोडून जाईल."

आयुष्यातला सगळ्यात मोठा विनोद हाती आलाय आणि तो गिळणार का, असं मी विचारलं. आतून वहिनी म्हणाल्या, दोघांनाही अपचन होणार. (पिल्लं सुखरूप उडाली, म्हणून आज लिहितोय. झुडूप कुठलं ते विचारू नका.)

दुपारी फोटोवाले दाढीला आले. "काय, दिसला का कुकर?"

रेडिओच्या गळ्याची घाटी वरखाली झाली. मी पेपर तोंडासमोर धरला.

"कुठला दिसतोय," तो म्हणाला. "हिचा कुकरच असेल."

सगळं दुकान हसलं. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण लोकांनी कारण विचारलं असतं.

मग त्यानं कात्री उचलली. "मागून थोडे कापू का?"

"अरे, कालच तर कापलेस."

"असू द्या," रेडिओ म्हणाला, "अजून थोडे लागतील."

मी जोरात खोकलो.