उंदराचं औषध खाणारी बीट्रिस आंटी

मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या आमच्या बंद गल्लीत दोन हजार आठ साली अशी बातमी होती की बीट्रिस आंटी रोज संध्याकाळी उंदीर मारायचं औषध खाते. कारणही तयार होतं: नवरा मारतो. "दंडावरचे निळे डाग बघितले नाहीत का?" असं सुनेत्रा मावशी गॅरेजचं शटर अर्धं पाडून, आवाज त्याहून अर्धा पाडून सांगायच्या. "अगं, माणूस कंटाळतं जिवाला. पण रोज थोडं थोडं खाल्लं की पचतं म्हणे."

नवऱ्याचं आधी मिटवते. आल्फ्रेड अंकल माशीला मारायच्या आधी खिडकी उघडून "जा गं बाई, जा" म्हणून दोनदा संधी देतात. माशी गेली नाही तर स्वतःच दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात. ते कुणाला काय मारणार?

औषधाची बातमी मात्र निम्मी खरी होती. रक्त पातळ ठेवायची ती गोळी, आणि तेच रसायन पूर्वी उंदरांसाठी वापरायचे. हे आंटीला डॉक्टरांनी सांगितलं, तिने भावाला सांगितलं, आणि भावाने कॉलेजातल्या पोरांना तिखटमीठ लावून सांगितलं. निळे डागही त्या गोळीचेच. आंटी चाइल्डकेअरमध्ये शिकवते. तिथली पिल्लं धावत येऊन दंडाला लटकली की तिथे निळं उमटतं.

भाऊ म्हणजे ॲशली. वसईहून कुकिंगचा कोर्स करायला आलेला. तेव्हा निम्मी मुंबई मेलबर्नला कांदे चिरायला शिकायला येत होती, कारण कोर्सच्या शेवटी पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, दिसत होती. तो बहिणीच्या मागच्या खोलीत राहायचा, शिफ्टवरून आला की भाताचं पातेलं पुसून टाकायचा आणि रविवारी फुटबॉल खेळायचा.

आंटीचं दुखणं कळलं ते एका माशामुळे. गोष्टीचं पुस्तक उघडून ती मुलांना चित्रं दाखवत होती. गाय झाली, बदक झालं. पुढच्या पानावर मासा. आंटीने बोट ठेवलं आणि तोंड उघडलं, पण शब्द येईना. इंग्रजी येईना, मराठी येईना, घरची बोलीही येईना. जन्म वसईचा, बोंबील-पापलेटावर वाढलेली बाई, आणि मासा आठवेना! मुलांना वाटलं आंटी गंमत करते. सगळी मुलं खिदळायला लागली. उजव्या हातातून पुस्तक गळून पडलं तेव्हा तर टाळ्या वाजल्या. बरोबरच्या बाईंनी मात्र तिचा चेहरा पाहिला आणि धावत जाऊन ॲम्ब्युलन्सला फोन केला.

ॲम्ब्युलन्समध्ये शब्द परत आला. "फिश," आंटी म्हणाली. "फिश, फिश, फिश." कोणी विचारलं नव्हतं तरी दवाखान्यापर्यंत म्हणत राहिली. परत हरवू नये म्हणून.

आंटीच्या हृदयाचा स्नायू आनुवंशिक दोषामुळे जाड होत गेला होता. त्यापायी वरचे कप्पे नीट आवळेनासे झाले. नुसते थरथरत होते. तिथे रक्त साचतं, साचलं की गुठळी होते, आणि गुठळी सुटली की मेंदूत जाते. या खेपेला ती विरघळली. पुढच्या खेपेचा भरवसा नव्हता. "मी तर चाळिशीची," आंटी म्हणाली, "या गोळ्या म्हाताऱ्यांच्या ना?" डॉक्टर म्हणाले, असा स्नायू असला आणि ठोके असे बिघडले की वय बघत बसायचं नसतं.

घरी येऊन ती स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. तिचे बाबा शेहेचाळिसाव्या वर्षी केळीच्या वाडीत आडवे झाले होते. अंगावरून वारं गेलं, असं सगळे म्हणाले. शेजाऱ्यांनी कबुतराचं रक्त चोळलं, आईने नवस बोलले. बाबा तीन वर्षं खाटेवर एका बाजूने जगले आणि गेले. ते वारं वाडीतून नव्हे, छातीतून आलं होतं, हे तिला आत्ता कळत होतं. आणि तेच वारं ॲशलीच्या छातीतही असू शकत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, प्रत्येक भावंडाला निम्मी शक्यता. छातीची सोनोग्राफी करून घ्या.

तिथून त्या घरात रोजची लढाई सुरू झाली. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ आणि माझे कान तीक्ष्ण, त्यामुळे मला दोन्ही बाजू तोंडपाठ होत्या.

"ॲशली, अपॉइंटमेंट घेऊ?"

"बाय, मी नव्वद मिनिटं फुटबॉल खेळतो! हार्ट पेशंट खेळतो का?"

"बाबा नारळाच्या झाडावर चढायचे."

"रिपोर्टवर हार्ट लिहून आलं की पीआरच्या मेडिकलला काय सांगू? आईने वाडीचा तुकडा विकला माझ्या फीसाठी. परत जाऊन कुणाला तोंड दाखवू?"

इथे आंटी नेहमी थांबायची. "व्हिसाचं मला खरंच ठाऊक नाही रे," म्हणायची. "खोटं कशाला सांगू? पण अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाला तरी कोण पीआर देणार?"

"अभद्र बोलू नको."

"मग नाडी तरी बघू दे."

"शिफ्टला उशीर होतोय." आणि दार धाडकन.

त्याने तिला मनगट कधी धरू दिलं नाही. खरं तर तिचंही धरलं नाही. दवाखान्यातही तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून मोबाइल बघत होता, हे आंटीच्या लक्षात होतं.

एका रविवारी चर्चहून आल्यावर जेवायला मीही होते. जेवण झाल्यावर माझ्या नकला झाल्या: सुनेत्रा मावशी शटरसकट, फादर, आणि फर्माईश म्हणून खुद्द आंटी: "वन, टू, थ्री, आइज ऑन मी! आल्फ्रेड, तुम्हीसुद्धा!" अंकलना हसताना ठसका लागला.

"ही कशाचीही नक्कल करते," ॲशली डोळे पुसत म्हणाला. "बिघडलेल्या वॉशिंग मशीनचीपण."

"कशाचीही?" आंटीने विचारलं.

"कशाचीही," मी म्हणाले. मला लाज अशी नव्हतीच.

आंटीने बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. "माझ्या नाडीची कर. मिनिटभर बोटांखाली धर, मग सोड आणि टेबलावर वाजवून दाखव. जमलं तर ॲशलीपुढे पुन्हा म्हणून डॉक्टरचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर तो टेस्टला जाणार."

"डन!" ॲशली ओरडला. "मंजिरी, यू लेजंड, वाचव मला."

"पण पंच तू," आंटी त्याला म्हणाली. "ती वाजवेल तेव्हा तू माझं मनगट धरून ताडून बघायचं. तुझाच निकाल."

पंच स्वतःच! ॲशली मनापासून हसला. जिंकलेली पैजच होती ती.

मी मनगट धरलं, ऐकलं, सोडलं आणि वाजवायला लागले. टक, टकटक... टक. लगेच कळलं की माझी बोटं ताल धरतायत. ताल मोडला तर मोडण्याचाच ताल होत होता. आंटीच्या नाडीत तसं काहीच नव्हतं. दोन ठोके एकमेकांवर आदळायचे, मग नुसतीच वाट, मग एक इतका हलका की आला की नाही कळू नये. तरी मी थाटात वाजवत राहिले. पंच आपला होता ना!

पंचाने दोन बोटं बहिणीच्या मनगटावर ठेवली होती. आधी तो माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. मग मिचकावायचा थांबला. मग मान खाली घालून नुसता ऐकत राहिला, आणि एका ठिकाणी, जिथे ठोका यायला हवा होता आणि येत नव्हता, तिथे त्याचाच श्वास अडकला.

"बाय, हे असं... सारखं?"

"सारखं."

मी अजून वाजवत होते. "नाही," तो म्हणाला. "चुकतेय ती. थांब गं." मनगट काही त्याने सोडलं नाही. दुसरा हात वळवून आपलं मनगट तिच्यापुढे धरलं. "उद्या फोन कर डॉक्टरला."

पैज मी हरले. भांडी घासताना सिंकच्या कडेवर पुन्हा वाजवून बघितलं, नाहीच जमलं.