उजव्या खांद्यावरचा पदर

श्रावणी शुक्रवारी जिवतीची पूजा आणि पुरणाच्या जेवणाला एक सवाष्ण, हा नेम सासूबाई लग्न होऊन काशीतल्या आमच्या दूधविनायक गल्लीतल्या घरात आल्या तेव्हापासून एकदाही चुकलेला नव्हता. लेकरांसाठीचं व्रत. सवाष्ण जेवून उठेपर्यंत त्या पाण्याचा थेंबही घेत नाहीत. त्या दिवशी दहा वाजता ठरलेल्या सवाष्णीचा फोन आला, की अंगात ताप आहे. गल्लीतल्या उरलेल्या दोघी मराठी सवाष्णी आधीच दुसऱ्या घरी सांगितलेल्या, आणि एका दिवशी एकीनं दोन घरी जेवायचं नसतं.

सासूबाईंचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "बालाजी घाटावर जा. यात्रेकरू बायका असतील. काष्टा दिसला की हात जोड आणि घेऊन ये. काष्टा म्हणजे आपलीच."

"आणि कोणी नसलीच तर?"

"तर मी आज जेवत नाही. जा, देर नको करू."

त्या स्वतः रोज नऊवारी नेसतात. मी बँकेतली, सलवार-कुर्त्यातली. नऊवारीचं कुठलं टोक कुठे खोचतात, याचा मला पत्ता नव्हता. पण काष्टा ओळखायला काय अक्कल लागते, असं म्हणत मी पुरणाचे हात धुऊन निघाले.

गंगा चढलेली होती, वरच्या चारपाच पायऱ्याच कोरड्या होत्या. तिथे साठीच्या एक बाई उभ्या होत्या. तांबडं, काठाचं लुगडं, पाठीमागे छान काष्टा, ठसठशीत कुंकू, पायात जोडवी. त्यांचे यजमान आमच्याच ओळखीच्या भटजींसमोर बसून संकल्प सोडत होते. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ धावलेच.

"आमच्याकडे सुवासिनी म्हणून भोजनाला याल का?"

त्यांनी माझा कुर्ता वरपासून खालपर्यंत पाहिला, वाकून यजमानांना काहीतरी सांगितलं आणि माझ्यामागून निघाल्या. यजमानांना नंतर आमचं घर दाखवायला मी भटजींना सांगून ठेवलं. वाटभर मी एकटीच बोलत होते, त्या नुसत्या हसून मान हलवत होत्या. एकेक माणूस असतं मितभाषी.

दारात मात्र त्यांची पावलं अडली. तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. त्यांना पाहताच बाईंनी चपला काढल्या आणि सरळ आत गेल्या. आता सासूबाई थबकल्या. माझा दंड धरून पुटपुटल्या, "अगं, पदर उजव्या खांद्यावर आहे. ही मद्रासकडची. आपल्या बाया डावीकडे घेतात."

"काष्टा तर होता," एवढंच मला सुचलं.

सासूबाईंनी क्षणभर जिवतीच्या चित्राकडे पाहिलं. मग तांब्या उचलला आणि बाईंच्या पायांवर पाणी घातलं. "कुंकू आहे, आपल्या पायांनी घरात आली आहे," त्या मला म्हणाल्या. "जिवती काय हिला गाव विचारणार आहे? पान वाढ."

बाई मनापासून जेवल्या. पुरणपोळीवर तूप पडलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले, आणि दुसऱ्या पोळीसाठी बोट वर केलं. सासूबाईंचा चेहरा फुलला.

जेवण आटोपतं तोच यजमान भटजींसोबत आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, हिंदी येत होतं. बायकोचं ऐकून घेतलं आणि हसत म्हणाले, "सुवासिनी भोजन को हम लोग मना नहीं करते। मगर इनको इस सलवार वाली लड़की पर भरोसा नहीं हुआ। दरवाज़े से लौटने वाली थीं। फिर माताजी की साड़ी देखी, तो समझीं, अपने ही लोगों का घर है।"

सासूबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. तशाच हसत त्यांनी बाईंची खणानारळानं ओटी भरली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी निघताना एकमेकींचे हात सुटेनात.

पाहुणे गेल्यावर सासूबाई दिवसातलं पहिलं पाणी प्यायल्या आणि त्यांनी भांडं खाली ठेवलं.

"उद्यापासून तुला नऊवारी नेसायला शिकवते," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे बघून माझी सवाष्ण दारातनं परत निघाली होती."