कुत्र्याच्या पुस्तकातलं ते एक पान

शाळा मी दोनच वर्षं पाहिली, तीही कापूस वेचायचे दिवस वजा करून. वाचायला माझी मीच शिकले. आधी साबणाच्या वेष्टनावरून, मग लेकाच्या पुस्तकांवरून. ओळीखाली बोट धरल्याशिवाय अजूनही जमत नाही. एक पान वाचायला मला दोन भाकरी भाजून होतील एवढा वेळ लागतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या दोन भाकरींच्या वेळातच झालं.

आमचं गाव दिग्रसच्या जवळ. आमचे मालक दिग्रसला कापसाच्या एका जिनिंगमध्ये मुकादम होते. जन्मभर त्या यंत्रांच्या घरघरीत बोलायचं म्हटल्यावर माणूस ओरडूनच बोलणार. घरीसुद्धा मीठ मागायचं तर शेजारच्या घरातून मीठ येईल अशा आवाजात. काम सुटलं, म्हातारपण आलं, आवाज तोच. हळू बोलणं त्यांना येतच नव्हतं.

दिग्रसच्या वाचनालयातून मी एक कादंबरी आणली होती. एक शिंपी मरतो आणि आपल्याच गल्लीत कुत्रा होऊन जन्माला येतो. सगळी गोष्ट तो कुत्राच सांगतो. आपल्या मशीनवर दुसरा माणूस बसलेला त्याला दिसतो, बायको दिसते, सगळं कळतं, पण बोलता काही येत नाही. मेला की पुन्हा कुत्राच. मला त्या पुस्तकानं धरूनच ठेवलं. वरण उतू गेलं तरी कळेना.

माझी थोरली नणंद तेव्हा बाभुळगावहून राहायला आलेली होती. तिच्यासमोरच मालकांनी मला छेडलं, "काय वं, इतकं काय वाचून राह्यली?"

मी गोष्ट सांगितली. तर म्हणाले, "म्हंजे कुत्रं बोलते अन् तू आयकते! मी इथं गळा फाडून राह्यलो त ध्यान नाही. आता मले कुत्र्याचाच जलम घ्या लागते!"

नणंद म्हणाली, "घे बापा. निदान भुंकणं तरी शिकावं नाही लागनार तुले."

आम्ही तिघंही किती हसलो.

नंतर चार दिवसांनी दुपारची गोष्ट. नणंद शेजारी गेलेली, लेक-सून यवतमाळला, तिथंच राहतात ती. मालक समोरच्या छपरीत बाजेवर पडलेले. मी आत खिडकीशी पुस्तक घेऊन. त्यांनी हाक मारली, "अवं, जरा ये वं."

हळू मारली.

जन्मभर ओरडणाऱ्या माणसाची हाक हळू आली तर दुसरी कोणी घाबरली असती. मला वाटलं, हळू म्हणतात म्हणजे घाई नाही. मी म्हटलं, "आली, येवढं पान होऊ द्या."

पान झालं. कोपरा दुमडला, बाहेर आले. हात बाजेखाली लोंबत होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, जवळ कोणी असतं तरी फरक पडला नसता. सगळ्यांनी मला तेच सांगितलं, हात धरधरून सांगितलं. पण वाचवायचं तर मी म्हणतच नव्हते. त्यांना काय सांगायचं होतं? पाणी पाहिजे होतं, का छातीत दुखतं म्हणायचं होतं, का नुसतं जवळ बस म्हणायचं होतं? एवढं एकच मला हवं होतं, आणि ते सांगणारा जगात एकच होता.

आमच्याकडे दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, जीव गेला त्या जागी पीठ चाळून पसरतात. वर टोपलं उपडं ठेवतात, जवळ दिवा. सकाळी टोपलं उचलून बघायचं, पिठात काय उमटलं. मुंगी, पाखरू, माणसाचं पाऊल. जे उमटेल तो पुढचा जन्म. छपरीत बाजेच्या जागी आम्ही ज्वारीचं पीठ पसरलं. सकाळी मला हाक मारली ती नणंदेनं. टोपलं उचलून ती बाजूला उभी होती. पिठात मधे एक खळगा, आणि वर चार बोटं. कुत्र्याचं पाऊल, अगदी स्वच्छ.

मी तिथंच बसले आणि खूप रडले. खोटं कशाला सांगू, आनंदानं रडले.

तेराव्याच्या जेवणाला बसस्टॉपकडून एक पिवळट कुत्रा आला. एक कान फाटलेला. सगळी हाड हाड करत होती, मी त्याला आत घेतलं. तेव्हापासून पहिली भाकर त्याची. लोक हसायचे, कारण मी त्याला अहो म्हणायची. "अहो, या. ऊन लागते, सावलीत बसा." शेजारीण म्हणायची, "काकू, कुत्र्याले कायले अहोजाहो करता?" मी म्हणायची, "तुहं काय जाते?" घरात कोणी नसलं की त्याच्यासमोर बसून विचारायची, त्या दिवशी काय सांगायचं होतं हो? तो बघायचा. पुस्तकातल्या कुत्र्यासारखाच, सगळं कळल्यासारखा. मग कान खाजवायचा.

पुस्तक पुढं वाचलं नाही. वाचनालयात परतही केलं नाही.

दोन वर्षं गेली. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लेक म्हणाला, यवतमाळला या, ऑपरेशन करू, महिनाभर राहा. मी नाही म्हटलं. महिनाभर त्यांना कोण पाहणार? ते दारी येतील आणि मी नसेन, पुन्हा एकदा? शेवटी लेकानं नणंदेला पाठवलं. ती दोन दिवस समजावत राहिली. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यासाठी तव्यावरची गरम भाकर कुस्करत होते, चाचपडत, आणि हात पोळला. तिनं माझ्या हातातून परात ओढून घेतली.

"कुत्रं हाये ते! नुसतं कुत्रं!"

"बाई, पाऊल तुम्ही पाह्यलं ना?"

"म्या पाह्यलं नाही," ती म्हणाली. "म्या काढलं. ह्या बोटाईनं."

मी तिच्या बोटांकडे पाहिलं, ती मला धूसरच दिसली.

"टोपलं उचललं त पीठ जसं टाकलं तसंच होतं वं. साधी मुंगी नाही. तू दहा दिवस घास खाल्ला नव्हता. म्या म्हटलं, तो हासत बोललाच होता कुत्र्याचं. तुले बरं वाटन." मग ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी बाई, भावासाठी तशी रडलेली मी पाहिली नव्हती.

"काहीच नव्हतं का?" मी विचारलं.

"काहीच नाही."

काहीच नाही उमटलं तर जीव सुटला म्हणतात. सुटला असेल. चांगलंच झालं त्यांचं. पण सुटलेला माणूस परत येऊन सांगत नाही.

यवतमाळला जाऊन डोळे करून आले. महिन्यानं घरी आले तर दाराशी तो उभा. आता मला स्पष्ट दिसत होता. अंगाला खरूज, डोळ्यांत पाणी, शेपूट हलवणारा गावातला एक कुत्रा. मी म्हटलं, "थांब रे, आणते." त्याला अहोचं अरे झालेलं काही कळलं नाही. भाकर खाल्ली आणि बसस्टॉपकडे गेला.

मग मी पुस्तक काढलं. दुमडलेला कोपरा तसाच होता. बोट धरून ते पान पहिल्यापासून वाचलं, कारण त्यातलं मला काहीच आठवत नव्हतं. आठवडी बाजार उठलेला असतो. कुत्रा रस्ता ओलांडतो, मिठाईच्या दुकानामागे जातो, जिलबीचा कागद चाटतो आणि परत येतो. ना बायको भेटत, ना कोणी मरत. पान संपतं.

मी ते दोनदा वाचलं. बाहेर छपरीत बाज रिकामी होती.