उघड्या पायांचं बोरन्हाण

मी चार मुलं वाढवली, पण एकही नीट पाहिलं नाही. एक रडत असे, दुसरं भुकेलं असे आणि दूध उतू जात असे. आता ग्वाल्हेरला हरिशंकरपुरमच्या घरात मला काम उरलेलं नाही, म्हणून धाकट्या मुलाची मुलगी पाहत बसते. चौथीनंतर मी शाळेत गेले नाही, त्यामुळे बाळांच्या पुस्तकात काय लिहिलंय ते सून सांगते. मी पाहिलं ते लिहिते.

पहिले काही आठवडे ती कोणाकडे बघत नव्हती, पंख्याकडे बघत होती. येणारे जाणारे म्हणत, आजीला ओळखते. ओळखत नव्हती. मग तिला स्वतःचा हात सापडला. तो डोळ्यांसमोर धरून उलटासुलटा करायची, नवीन भाजी पारखावी तशी. तो आपलाच आहे हे तिला ठाऊक नसावं. तोच हात नाकावर आपटला की रागाने इकडेतिकडे बघायची, कोणी मारलं म्हणून.

वाटीवर रुमाल टाकला की तिच्या लेखी वाटी संपायची. दिवाळीनंतर ती रुमाल ओढून काढायला लागली. मधल्या दिवसांत डोक्यात काय झालं, ते मला दिसलं नाही. त्याच सुमारास ती दूधवाल्याला बघून रडू लागली. तोच माणूस, तीच मफलर. आधी त्याच्याकडे बघून हसायची. माणसांत आपले आणि परके असतात हे तिने कोणी न शिकवता शोधून काढलं.

फक्त रांगत नव्हती. बसवलं की बसायची, उचलेपर्यंत तिथेच. ती महिनाभर आधी जन्मली होती, त्यामुळे सुनेच्या मनात भीती होतीच. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा पलंगाखाली शिरायला लागला, तशी ती भीती बोलण्यात यायला लागली. "आजींनी बघितलं ना," सून माझ्या मुलाला माझ्यादेखत सांगायची, "पाय हलवतच नाही ती. कुछ तो गड़बड़ है." मुलाने इंदरगंजातल्या हाडांच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली.

पाय दुबळे असतील असं मलाही वाटत होतं. मी तसं बोलले नाही, पण नाहीत असंही म्हटलं नाही.

संक्रांत त्याआधी आली. पहिली संक्रांत, म्हणून बोरन्हाण करायचं ठरलं. मुलाला पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, रेवड्या ओतायच्या आणि जमलेल्या मुलांनी त्या लुटायच्या, एवढंच ते असतं. माझा मुलगा दाल बाजारातून पिशवीभर परमल घेऊन आला. इथे चुरमुऱ्यांना परमलच म्हणतात. काळं झबलं मी शिवलं. हलव्याचे दागिने सुनेच्या आईने केले होते: हार, बिंदी, बाजूबंद आणि पैंजण.

ते पैंजण बांधायला घेतले तेव्हा अडलं. बाहेर धुकं होतं, दुपारचं ऊन आलंच नव्हतं. ग्वाल्हेरच्या थंडीत आमच्या घरी मूल म्हणजे लोकरीचं गाठोडं असतं. दोन पायजमे, त्यावर जाड मोजे, वर स्वेटर, कानटोपी, आणि ते सगळं पलंगावर रजईत. फरशी बर्फासारखी, म्हणून धुकं पडायला लागल्यापासून तिला कोणी खाली ठेवलं नव्हतं. हलव्याचा दोरा त्या मोज्यांवर बसेना.

"मोजे काढ," मी म्हटलं.

"आजी, ठंड लग जाएगी."

"हीटर लाव. फोटोत काय मोजे दाखवायचेत?"

माझ्या नणंदबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काढ गं. तसेही ते पाय कुठे चालतायत. आमच्या घरातली सगळी नवव्या महिन्यात उभी राहिली."

 सुनेने मोजे काढले, पायजमेही काढले आणि पैंजण बांधले. दोरा दोनदा सुटला.

बोरं ओतली. मुलं तुटून पडली आणि गोळा करून गच्चीवर पळाली. एक बोर मात्र सतरंजीपलीकडे घरंगळलं आणि फरशीवर थांबलं. पोरगी त्याच्याकडे बघत होती. वाकली, पाटावरून हातांवर पडली. सून पुढे झाली.

"थांब," मी म्हटलं.

नणंदबाई बोर उचलायला वाकल्या. "देऊ द्या हो तिला, वहिनी. बिचारी."

"हात लावू नका, वन्सं."

ती हातांवर जोर देऊन मागेपुढे झुलली, आणि निघाली ती मागे. बोर पुढे, ही मागे. जितका जोर लावी तितकी लांब जाई. बोराकडे बघून ओरडायला लागली, जणू तेच पळतंय. हलवा फरशीवर तुटून पडत होता. अशी सरकत सरकत गेली आणि तिच्या पायांचे तळवे भिंतीला टेकले. ती गप्प झाली. भिंत तिला आधी कळली की पायांना, कोण जाणे. तिने भिंतीला रेटा दिला आणि पुढे आली. मग गुडघा आणला, मग दुसरा. बोरापर्यंत गेली आणि ते थेट तोंडात घातलं.

सुनेने बोट घालून ते काढलं. ती किंचाळली.

"जोर आहे हो," नणंदबाई म्हणाल्या. "घशात."

सून त्या फरशीवरच बसून राहिली, पोरीचे तळवे हातात धरून. "गार पडलेत," एवढंच म्हणाली.

सोमवारी आम्ही डॉक्टरांकडे गेलोच. त्यांनी विचारलं, काय तक्रार आहे, तेव्हा सून वाकून त्यांच्या टेबलाखालून पोरीला बाहेर ओढत होती.

आता फरशीवर जुनी गोधडी पसरलेली असते आणि मोजे बाहेर जातानाच घालतात. मला एक कळलेलं नाही. इतके दिवस गाठोड्यात बसून तिला वाटत होतं का, की आपल्याला जाता येत नाही? की जायचं असतं हेच ठाऊक नव्हतं? बोलायला लागली की विचारीन म्हणते. तोवर ती विसरलेली असेल.