पाकळी पडेना

देव मानत होतो, पण त्या दिवसांत मला देवापेक्षा कुणीतरी दोषी हवा होता. बायकोला तिसऱ्यांदा द्राक्षगर्भ झाला. म्हणजे दिवस राहतात, पण बाळ धरतच नाही, पोटात पाण्याच्या फोडांचा घोस वाढतो. पिशवी साफ केल्यावर डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दर आठवड्याला रक्त तपासा. अंश आत उरून वाढला तर जिवावर बेतेल. नेमक्या तपासणीच्या दिवशी मी शहाणा दिग्गीच्या रानातल्या देवाला कौल लावायला गेलो.

गुरवानं पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. मी हात जोडले, "देवा, दोष तिच्या माहेरचा की आमच्या घराण्याचा?"

पाकळी हलेना. नारळ फोडला, घंटा कबूल केली. दुपार झाली. म्हातारा गुरव वैतागला.

"अरे बाबा, उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाई. 'ह्येचा का त्येचा' इचारल्यावर देवानं काय मधली पाडायची? बायकू कुठं हाय?"

"घरात. आज रक्त तपासायचं होतं."

"आनि तू हितं? तिला आज न्यायची का, त्ये इचार!"

विचारलं. वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी पडली. वाऱ्यानं पडली असेल, माझ्या श्वासानंही असेल. मी पळत सुटलो. खाली जोयड्याला जाणारी जीप पंक्चर काढून निघायच्याच बेतात होती. तीत बसून घर गाठलं आणि तिला तसंच दवाखान्यात नेलं.

रक्तातलं गर्भाचं संप्रेरक उतरायला हवं होतं, ते चढलं होतं. औषध वेळेवर सुरू झालं आणि ती बरी झाली. पुढे जनुकांची तपासणी केली. माझे सासू-सासरे आत्ते-मामे भावंडं. एकच बिघाड दोघांकडून तिच्यात उतरला होता. आईबापांना त्रास नाही, भोगलं तिनं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोष कुणाचाच नाही. तिच्या बीजातून पुन्हा हेच होण्याची शक्यता फार. दुसऱ्या बाईचं बीज घेतलं तर बाळाची आशा आहे."

मी लगेच नारळ शोधायला लागलो. बायको म्हणाली, "अहो, आता परत देवाला कशाला? मला इचारा की कधीतरी."

तीन वेळा हे दुखणं तिनंच सोसलं होतं, आणि मी रानभर उत्तर शोधत फिरत होतो. नारळ खाली ठेवला. घाबरतच विचारलं, "तुला पाहिजे का असं बाळ?"

तिनं नारळ उचलून कोनाड्यात ठेवला. मग म्हणाली, "व्हय."

तिला आता सातवा महिना आहे. पुढचं देवाच्या हाती. कबूल केलेली घंटा मात्र आम्ही दोघांनी जाऊन बांधली, काही न विचारता.